मॉरिशसला संवर्धनाच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून जाताना

पाणकोंबडी:

नमस्कार. येत्या जूनमध्ये सहा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून मी मॉरिशसला जाणार आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातील एका ठाण्यावर राहून तिथल्या दुर्मिळ गुलाबी कबुतरांच्या एका गटावर लक्ष ठेवायचे, पायातील रंगीत कड्यांवरून प्रत्येक पक्षी ओळखून त्याची नोंद करायची, खाद्य पुरवायचे आणि उंदीर-मांजरांसाठी लावलेले सापळे तपासायचे, असे कामाचे स्वरूप मला कळवण्यात आले आहे. राहण्याची सोय आणि जेवणापुरता भत्ता संस्था देते. विमानाचे भाडे, विमा व लसी यांचा खर्च माझा आहे. मी मूळची गुहागरची असून शिक्षण वनस्पतिशास्त्राचे झाले आहे. देशाबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ आहे.

संस्थेकडून आलेल्या सूचनापत्रातील सर्वांत मोठा परिच्छेद बुटांबद्दल आहे, हे वाचून मला प्रथम हसू आले. बूट धुऊन, तळव्याच्या खाचा टोकदार काडीने कोरून, पूर्ण वाळवून आणावेत. मोज्यांच्या काठात, पिशवीच्या शिवणीत आणि चिकटपट्टीत अडकलेले बी काढावे. तंबू किंवा रेनकोट पूर्वी रानात वापरलेला असल्यास तो उलटा करून झटकावा, असे त्यात सविस्तर लिहिले आहे. नंतर मॉरिशसच्या उपद्रवी जातींबद्दल वाचू लागले तेव्हा हसू ओसरले. तिथे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर आलेले मुंगूस 1900 च्या सुमारास उंदरांच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडूनच नेलेले आहे. साळुंकी अठराव्या शतकात टोळांचा नाश करण्यासाठी भारतातून मुद्दाम नेली गेली. लालबुड्या नव्हे, पण त्याचाच भाऊबंद असलेला लाल गालांचा शिपाई बुलबुल 1892 मध्ये तिथे पोहोचला आणि मग त्याने परक्या झुडपांची फळे खाऊन त्यांचे बी जंगलभर पेरले. आपल्या घरातली चिचुंद्रीसुद्धा जहाजांतून तिथे उतरली असून छोट्या सरड्यांना आणि सापसुरळ्यांना ती पुरून उरते. ज्या प्राण्यांकडे पाहत मी लहानाची मोठी झाले तेच तिथे खलनायक ठरले आहेत, आणि आता त्याच दिशेने मीही निघाले आहे.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. कागदपत्रांत नेमके काय लागते? तिथे जूनमध्ये हवामान कसे असते? आईला कोकम, मेतकूट आणि कढीपत्त्याचे रोप बरोबर द्यायचे आहे, त्यातले काय नेता येईल? आणि जे असे काम करून आले आहेत, त्यांनी सामान साफ करण्यापासून सुरुवातीच्या आठवड्यांपर्यंतचा आपला अनुभव लिहावा.

देवगडकर:

अभिनंदन. मी परदेशी शिष्यवृत्त्यांची कागदपत्रे करून देण्याचे काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो. भारतीय पारपत्रधारकाला पर्यटक म्हणून मॉरिशसला जाण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि याच सोयीमुळे अनेक जण फसतात. पर्यटक म्हणून मिळणारा प्रवेश वेगळा आणि सहा महिने एखाद्या संस्थेत काम करण्याची परवानगी वेगळी. काम विनावेतन असले तरी ते कामच धरले जाते. परवानगीचे पत्र यजमान संस्थेने तिथल्या खात्याकडून मिळवलेले असावे आणि त्याची छापील प्रत तुमच्या हातातील पिशवीत असावी. विमानतळावर परतीचे तिकीट व राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता विचारतात. पारपत्र सेवा केंद्रातून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे, आणि पदवी प्रमाणपत्र मागितले असल्यास त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा प्रमाणीकरणाचा शिक्का घ्यावा. मे महिन्यात या दोन्ही कामांना गर्दी असते.

कढीपत्त्याच्या रोपाचा विचार सोडून द्या. परवान्याशिवाय रोप, बी, कंद किंवा माती नेता येत नाही, आणि ज्या कामाला तुम्ही निघाला आहात त्या कामाची शोभा त्याने वाढणारही नाही. मेतकूट बंद पाकिटातले असले तरी विमानतळावर भरायच्या अर्जात नमूद करा. नमूद केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेल्या वस्तूबद्दल जाब द्यावा लागतो.

साकव:

धाग्याचा विषय स्तुत्य आहे, तरीही मनातली शंका लिहितो. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले, गावकरी त्यात उतरले आणि आज कोकणात कितीतरी गावांत ते काम चालते. एवढे काम दाराशी असताना विमानाचे भाडे खर्चून दुसऱ्याच्या देशातील कबुतरे मोजायला जाण्याचे प्रयोजन काय? दुसरे असे की, ‘परदेशी संवर्धन’ या नावाखाली पैसे घेऊन सहली विकण्याचा मोठा धंदा चालतो. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी तरुण मुले हजारो डॉलर भरत होती, आणि तेच बछडे मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जात होते, हे उघड झालेले आहे. माझ्या भाचीनेही एका मध्यस्थाला भरपूर पैसे भरून दोन आठवड्यांची अशी ‘सेवा’ केली. त्यातले दहा दिवस तिने एकाच भिंतीला रंग दिला, आणि ती भिंत आधीच्या तुकडीनेही रंगवलेली होती.

पाणकोंबडी:

साकव, तुमची शंका मला रास्त वाटते. वेळासला मी दोन हंगाम काम केले आहे, आणि इथले सोडून तिथे जावे की नाही, यावर घरीही बराच वाद झाला. माझे कारण साधे आहे. एखादी जात अगदी कड्यावरून कशी मागे ओढतात, हे शिकायचे तर मॉरिशससारखी शाळा क्वचित सापडेल. तिथल्या केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे, म्हणजे आपल्या खरुचीच्या भाऊबंदाचे, 1974 मध्ये जंगलात चारच पक्षी माहीत होते. गुलाबी कबुतरे 1990 च्या सुमारास जेमतेम दहा उरली होती. आज या कबुतरांची संख्या काही शेकड्यांत आहे. कार्ल जोन्स या पक्षी-संवर्धकांनी आणि 1984 मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या लोकांनी ते कसे केले, हे पुस्तकात वाचता येते. हात मात्र पुस्तकाने तयार होत नाहीत.

पैशांच्या बाबतीत मी एक कसोटी लावली. मी गेले नाही तर ते काम थांबेल का, की माझ्या जागी दुसरे कोणी येऊन तेच करील, आणि माझ्या नोंदी कोण वापरणार, हे मी मुलाखतीतच विचारले. त्यांनी उलट मलाच विचारले की, पहाटे उठून रोज तीच पायवाट सहा महिने चालायची तयारी आहे का, आणि मेलेला उंदीर सापळ्यातून हाताने काढताना त्रास होईल का. रंगवायच्या भिंतीचा विषय निघाला नाही.

कृष्णकमळ:

मी काही वर्षांपूर्वी याच उद्यानात आणि नंतर काही आठवडे इल ओ एग्रेत या बेटावर काम केले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम हवामानाबद्दल. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा आहे. समुद्रकिनाऱ्यावर तो जाणवत नाही, परंतु तुमचे ठाणे डोंगरावरच्या पठारावर असेल तर दिवसचे दिवस धुके, बारीक पाऊस आणि बोचरे वारे असतात. महाबळेश्वरचा ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. मी सुती कपडे घेऊन गेले आणि पहिल्या आठवड्यात एकही कपडा वाळला नाही. लोकरी मोजे, लवकर सुकणारी पँट आणि चांगली विजेरी या तीन वस्तूंवर खर्च करा, बाकी तिथे मिळते.

दिवस सूर्योदयाच्या आधी सुरू होतो. खाद्याच्या टाक्यांपाशी गहू आणि मक्याचा भरडा वजन करून टाकायचा आणि दुर्बीण घेऊन बसायचे. कबूतर येते, फांदीवर बसते, आणि नेमका ज्या पायात कडे असते तो पाय पिसांत दडवून ठेवते. अर्धा तास त्या पायाची वाट पाहणे हेच तुमचे संवर्धन-कार्य आहे, असे समजून चालावे. पहिले तीन आठवडे मी निळे कोणते आणि काळे कोणते यात चुकत होते, आणि माझ्याबरोबरच्या स्थानिक सहकाऱ्याने न रागावता माझ्या नोंदी पुन्हा तपासल्या. टाक्यांवर ठिपकेवाले होलेही येतात. परदेशी होल्यांकडून गुलाबी कबुतरांना घशाचा एक परजीवी रोग लागतो आणि त्यात पिल्ले दगावतात, म्हणून खाद्याची व पाण्याची भांडी घासून ठेवण्याला फार महत्त्व आहे. थोडक्यात, पहाटे पक्षी मोजा आणि दुपारी भांडी घासा. घरी सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नव्हता.

तण काढण्याचे कामही वाट्याला येईल. मॉरिशसमध्ये चांगल्या अवस्थेतील मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि जे आहे त्यात चिनी पेरू आणि प्रिव्हेट ही परकी झुडपे इतकी दाट माजतात की एबनी या तिथल्या मूळच्या झाडाच्या रोपट्याला जमिनीपर्यंत उजेड मिळत नाही. ब्रिझ फेर येथे कुंपण घालून हाताने साफ केलेले तुकडे आहेत. कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे रान एका नजरेत पाहिले की कशासाठी आलो हे कळते. किनाऱ्याकडच्या बेटांवर मात्र मला आपली जुनी ओळखीची सुबाभूळ भेटली. वनीकरणाच्या दिवसांत माझ्या वडिलांनी शेताच्या बांधावर ती हौसेने लावली होती, आणि इथे मी तीच मुळासकट उपटत होते.

आता बुटांबद्दल. इल ओ एग्रेत हे माएबूरच्या समोरचे केवळ 26 हेक्टरांचे प्रवाळाचे बेट आहे. 1965 मध्ये ते राखीव झाले, नंतर तेथील उंदीर पूर्ण नाहीसे केले गेले, आणि मग गुलाबी कबुतरे व इतर पक्षी तेथे पुन्हा सोडले गेले. मॉरिशसची मूळची मोठी कासवे कायमची नष्ट झाल्यामुळे झाडांचे बी पसरवण्याचे त्यांचे काम करण्यासाठी सेशेल्समधील अल्दाब्रा बेटाची महाकाय कासवे आणली आहेत. किनाऱ्यापासून बेट इतके जवळ आहे की होडीतून एक गाभण उंदरीण गेली तरी साऱ्या वर्षांची मेहनत वाया जाईल. त्यामुळे होडीत पाय ठेवण्यापूर्वी पिशवी रिकामी करून दाखवावी लागते. उत्तरेकडच्या राउंड बेटावर जाण्याची संधी मिळालीच, तर हे नियम आणखी कडक असतात. सामान बंद झाकणाच्या डब्यांतून जाते. तिथे पूर्वी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी सारे बेट खरवडून काढले होते. ते प्राणी हटवल्यावर ताडांची नवी रोपे पुन्हा उभी राहिली, पण माती खणून राहणारा बोआ साप 1975 नंतर कोणालाही दिसला नाही.

जाता जाता एक गंमत सांगते. आइसलंडजवळ 1963 मध्ये समुद्रातून वर आलेल्या सुर्त्सी बेटावर संशोधकांना एकदा टोमॅटोचे झाड सापडले होते. कोणा पाहुण्याने घाईत उघड्यावर विधी उरकल्याचा तो परिणाम होता. बूट साफ करून भागत नाही, एवढेच यावरून सांगायचे आहे.

नाशिकची_मावशी:

माझा मुलगाही असेच कुठेतरी जाण्याचे म्हणतो, म्हणून वाचते आहे. इतके उंदीर हाताळायचे तर आजाराचे काय? आणि विमानतळावर आपल्याकडून आलेल्यांची मलेरियासाठी चौकशी करतात म्हणतात, ते खरे का?

कृष्णकमळ:

मावशी, उंदरांमुळे लेप्टोचा, म्हणजे त्यांच्या मुत्रातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. कोकणातल्या भातशेतीत असतो तसाच. हातमोजे, जखमेवर जलरोधक पट्टी आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना ‘मी उंदरांचे सापळे हाताळते’ असे स्पष्ट सांगणे, एवढे पाळावे. धनुर्वाताची लस ताजी असावी. चिकुनगुन्याची मोठी साथ तिथे 2006 मध्ये येऊन गेली आहे, त्यामुळे डासांचे मलमही लागते.

आरोग्याचा अर्ज भरावा लागतो हे खरे आहे. मॉरिशसने मोठ्या कष्टाने मलेरिया घालवला आहे आणि तो परत यावा असे त्यांना वाटत नाही, म्हणून त्या चौकशीचा राग मानू नये. योगायोग असा की, त्याच मलेरियाविरुद्धच्या मोहिमेत आणि शेतीत जे डीडीटी फवारले गेले, ते केस्ट्रेलच्या ऱ्हासाच्या मुख्य कारणांपैकी एक ठरले. अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली. माणसे वाचवणारे औषध पक्ष्याला मारक ठरले. दोष कोणाला द्यावा, हे मला तिथे सहा महिने राहूनही ठरवता आले नाही.

माएबूरची_सून:

मी साताऱ्याची असून लग्नानंतर गेली अनेक वर्षे मॉरिशसमध्ये राहते. माझ्या सासरची पाचवी पिढी इथे नांदते. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर जी करारबद्ध माणसे आणली गेली त्यांत कोकणातली कुटुंबेही होती, आणि माझे सासर त्यांपैकीच एक आहे. इथे शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी मंडळी ‘झाकरी’ नाचतात; गुहागरच्या मुलीला ती पाहताच आपली जाखडी आठवेल. परंतु रोजच्या व्यवहाराची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली आहे. तुमच्या ठाण्यावरचे अनुभवी सहकारी क्रिओलच बोलतील, आणि पायवाटा, झाडे व सापळे यांची सगळी नावे त्याच भाषेत असतील. ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ यांच्या पुढचे चार शब्द शिकून या. इंग्रजीत सगळे भागते असे म्हणणारे स्वयंसेवक शेवटपर्यंत पाहुणेच राहतात, हे मी शेजारी राहून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुम्ही डिसेंबरपर्यंत असाल, म्हणजे लिचीचा हंगाम तुमच्या मुक्कामात येईल. इथले मोठे फळवटवाघूळ फक्त याच भागात आढळते आणि संवर्धनवाले त्याच्या बाजूने उभे राहतात, तर परसातली लिची रात्रीत फस्त झालेला माणूस त्यांच्यावर संतापलेला असतो. 2015 मध्ये सरकारने हजारो वटवाघळे मारली, त्यावरून मोठा वाद झाला. बसमध्ये कोणी तुम्हाला विचारले की ‘पक्ष्यांकडे काम करता का?’ तर पुढचा प्रश्न वटवाघळांचा असेल. त्यावर भाषण देऊ नका, त्यांच्या झाडाची चौकशी करा. झाडाला जाळी कशी लावायची, हा इथे निसर्गाच्या गप्पांचा उत्तम आरंभ आहे.

आणि 2020 च्या जुलैत वाकाशिओ जहाज आमच्या समोरच्या प्रवाळावर चढले आणि तेल सांडले, तेव्हा उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवायला आमच्या गल्लीतल्या बायका, शाळेची मुले आणि कोळी रात्रंदिवस बसले होते. त्यांपैकी कोणाच्याही नावापुढे ‘स्वयंसेवक’ असा शब्द लागला नाही. तुम्ही येत आहात याचा आनंदच आहे. विमानतळ आमच्या घरापासून जवळ आहे, पहिल्या दिवशी जेवायला या.

साकव:

माएबूरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून माझ्या आक्षेपाची धार बरीच कमी झाली आहे. एक प्रश्न तरीही उरतो. उंदीर, मांजर, मुंगूस यांना मारणे हा या कामाचा अविभाज्य भाग आहे. ज्या मुलीने कासवांची पिल्ले समुद्रात सोडली तिला हे जमेल का? आणि जमावे का?

पाणकोंबडी:

जमेल का, हे मला आज सांगता येणार नाही. मुलाखतीनंतर दोन रात्री मला झोप लागली नव्हती. पण वेळासला आम्ही कोल्ह्या-कुत्र्यांपासून अंडी वाचवण्यासाठी ती उचलून कुंपणात नेतो, कारण तिथे तेवढे पुरते. ज्या बेटाने माणूस येईपर्यंत जमिनीवर चालणारा शिकारी सस्तन प्राणीच पाहिला नव्हता, तिथल्या पक्ष्याला भिण्याची सवय नाही, आणि प्रत्येक घरट्याभोवती कुंपण घालणे शक्य नाही. मुंगसाचा यात काही अपराध नाही, तो बिचारा नेला म्हणून गेला. तरीही सापळा मीच तपासणार आहे, आणि जमले नाही तर तसे इथे प्रामाणिकपणे लिहीन.

पाणकोंबडी:

पोहोचले. मुंबईहून साडेसहा तासांच्या आत विमान उतरले, घड्याळ दीड तास मागे केले. देवगडकरांनी सांगितल्याप्रमाणे परवानगीचे पत्र हातात होते, त्यामुळे खिडकीवरच्या अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले. आईने शेवटी कोकमाचे बंद पाकीट दिले, ते मी अर्जात लिहिले आणि त्यांनी उलटसुलट पाहून परत केले. माएबूरच्या ताईंकडे डाळ, भात आणि टोमॅटोची रुगाय (तिथला मसालेदार रस्सा) जेवले; त्यांच्या सासूबाईंनी माझी मराठी लक्षपूर्वक ऐकली आणि उत्तर क्रिओलमध्ये दिले.

ठाण्यावर थंडी आहे आणि मोजे अजून ओले आहेत. काल इल ओ एग्रेतची ओळख करून देण्यासाठी आम्हा नवीन लोकांना नेले. होडीपाशी एका टेबलावर सामान तपासले. बूट मी घरी तीनदा धुतले होते, पिशवीच्या शिवणी टाचणीने कोरल्या होत्या, त्यामुळे मी निर्धास्त उभी होते. तपासणाऱ्या मुलीने माझ्या रेनकोटाच्या बाहीची चिकटपट्टी उघडली, चिमट्याने आतून काहीतरी ओढले आणि पांढऱ्या ताटलीत ठेवले. ते आमच्या गुहागरच्या सड्यावरचे कुसळ होते. तिने ते डबीत बंद केले, वहीत तारीख आणि माझे नाव लिहिले, आणि म्हणाली की आता दुसरी बाही उघडा.